पूजेतलं रिव्हॉल्व्हर

आनंदराजनं पहिलं शील म्हणायचं सोडलंय, हे मनिषाच्या लक्षात यायला बराच उशीर झाला.

नांदेडच्या भाड्याच्या दोन खोल्यांत दिवेलागणीला तिघं जण बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंपुढं मेणबत्ती लावून बसत. गाव सुटलं, घर सुटलं, पण वंदना सुटली नव्हती. आनंदराज एसटीत कंडक्टर होता. 'सरका पुढं, सरका पुढं' करण्यात उभी हयात गेलेली, त्यामुळं त्याचा आवाज शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत जायचा. पंचशील तो सांगायचा आणि मनिषा नि लेक लुंबिनी मागून म्हणायच्या. श्रावणात एका संध्याकाळी तो म्हणाला, "लुंबिनी, आजपासून तू सांगत जाय. मह्या गळ्यातून निघंना."

मनिषानं मिठाच्या गुळण्या करायला लावल्या, हळदीचं दूध दिलं. मग एक दिवस ती त्याच्या अगदी मांडीला मांडी लावून बसली होती तेव्हा तिला दिसलं. लुंबिनीनं 'पाणातिपाता वेरमणी' म्हटलं, जीवहत्या करणार नाही म्हटलं, आणि याचे ओठ घट्ट मिटलेले. 'अदिन्नादाना'पासून, म्हणजे चोरी करणार नाही इथपासून, आवाज पुन्हा खणखणीत. आता घसा बसलेला माणूस काही दुसऱ्या शीलापासून बरा होत नसतो. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम कान देऊन ऐकलं, तिसऱ्या दिवशीही ऐकलं. रोज तेच.

दुसरा कुणी असता तर मनात एक ठेवून तोंडानं पाचही म्हणून मोकळा झाला असता. जगात तसेच जास्त असतात. पण या माणसानं नोकरीत कधी कुणाचे सुटे पैसे ठेवून घेतले नाहीत आणि घरात कधी खोटा शब्द उच्चारला नाही. जे पाळायचं नाही ते म्हणायचं नाही, एवढा सरळ. मनिषाला त्याच्या त्या सरळपणाचीच भीती वाटायला लागली.

तीन वर्षांमागं गायरानाच्या बांधावर चौघांनी त्यांच्या लेकाला, आदर्शला, जिवे मारलं होतं. दिवसाढवळ्या. आनंदराजच्या पंढरीआज्यानं दगड वेचून वहितीला आणलेला तो तुकडा, त्यावरून. भावाची भाकरी घेऊन लुंबिनी शेताकडं निघाली होती, तिनं सगळं पाहिलं. पाहणारे आणखीही होते, पण एकेकाची नजर नंतर अधू झाली. कुणी म्हणालं मी पाठमोरा होतो, कुणी म्हणालं मी त्या दिवशी गावातच नव्हतो. शेवटी साक्षीदार म्हणून सव्वीस वर्षांची लुंबिनी एकटी उरली. चौघं जामिनावर सुटले. दारावर बसवलेला पोलीस काही महिन्यांनी उठवून नेला. आनंदराजचा धाकटा भाऊ सुदर्शन हिंडला, अर्ज केले, मोर्चे काढले, आणि साक्षीदाराच्या जिवाला धोका म्हणून आनंदराजच्या नावानं रिव्हॉल्व्हरचं लायसन मिळवलं. मुदतीत हत्यार घ्यायचं होतं. घेतलं नाही तर लायसन जाणार होतं.

आनंदराजला तेव्हा त्यात काही रस नव्हता. लायसन आलं तेव्हा तो म्हणाला होता, "ठीव कपाटात." मग श्रावणात कंधारच्या कोर्टातली तारीख आली. साक्ष पुढं ढकलली म्हणून तो कोर्टाबाहेरच्या हॉटेलात बाकड्यावर चहा घेत बसला होता. चौघांतला सगळ्यात धाकटा आला आणि सहज म्हणाला, "काका, जरा सरका की."

त्या रात्री पाठ करून झोपलेल्या आनंदराजनं भिंतीला सांगावं तसं सांगितलं होतं. "म्या सरकलो, मनिषा. सवयीनं. त्याला जागा देली."

त्याच आठवड्यात त्याचा घसा बसला होता.

*

दसऱ्यानंतरच्या रविवारी तिघं लातूरला निघाले. सुदर्शन लातूरलाच, जिल्हा परिषदेत. त्यानंच फोन केला होता. एका म्हाताऱ्या वकिलाकडं जुनं रिव्हॉल्व्हर आहे, वकिलाला वयापरत्वे लायसन परत करायचंय, हत्यार वारसांना नको आहे. दुकानातलं नवं घ्यायचं म्हणजे पेन्शनवाल्याचं काम नव्हतं. हे आवाक्यातलं होतं.

एसटीत आनंदराज ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसला. जुनी सवय. मायलेकी मागं होत्या. लोह्याच्या पुढं रस्त्याकडेला सोयाबीनच्या गंजी दिसायला लागल्या तेव्हा लुंबिनी म्हणाली, "आई, तू आज माझ्या बाजूनं बोलशील ना?"

"बोलते की."

"नुसतं 'बोलते की' नको. तिथं गेल्यावर काका सुरू होईल, बाबा मान हलवतील आणि तू पदराशी खेळत बसशील. दवाखान्यात मी रात्रपाळी करते, रिक्षानं एकटी येते. बाबा काय रिव्हॉल्व्हर घेऊन माझ्या रिक्षात बसणार आहेत का? मग ते कुणासाठी?"

मनिषा खिडकीबाहेर बघत राहिली. कुणासाठी ते तिला ठाऊक होतं. पण ओठ मिटलेल्या नवऱ्याची गोष्ट लेकीला कशी सांगायची? साक्ष तोंडावर आलेली. पोरीच्या डोक्यावर आधीच मेलेल्या भावाचं ओझं, त्यावर जिवंत बापाचं कुठं ठेवायचं?

"बोलीन," ती म्हणाली. "घेऊ नका म्हनीन."

लुंबिनीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि अहमदपूर येईपर्यंत झोपली.

*

वकिलांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात पाण्याच्या टाक्या, बादल्या, ड्रम ओळीनं मांडून ठेवलेले, कारण त्या दिवशी नळाला पाणी यायचा वार होता. दार वकिलांच्या पत्नीनं, विनीताबाईंनी उघडलं. "या, या. पाणी येईल एवढ्यात, म्हणून पसारा आहे, बघून पाय टाका." सुदर्शननं सवयीनं 'जयभीम' म्हटलं, आतून रेणुकादास वकिलांनी 'नमस्कार' म्हटलं, आणि दोन्ही बाजूंना क्षणभर जरा अवघडल्यासारखं झालं. मग सगळे बसले.

रेणुकादास वकील ऐंशीच्या घरातले, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पाहणारे. ते देवघरातून सोवळ्याच्या रेशमी कदाची गुंडाळी घेऊन आले आणि टीपॉयवर हलकेच उलगडली.

आत रिव्हॉल्व्हर होतं. त्याच्या मुठीला हळदीकुंकवाची बोटं उठलेली, चापाच्या कडीत झेंडूची सुकलेली पाकळी अडकलेली आणि नळीवर गंधाचा टिळा.

"परवाच पूजा झाली," वकील म्हणाले. "आमच्या वडिलांकडं हे पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत आलं. निजामाच्या एका अंमलदारानं पळून जाताना दिलं. तेव्हापासून दरवर्षी दसऱ्याला हे पाटावर असतं. एकही वर्ष चुकलेलं नाही."

"आन् चालवलं कितींदा?" सुदर्शननं विचारलं.

"चालवायची वेळच आली नाही."

सुदर्शननं चार दिवस मोबाइलवर रिव्हॉल्व्हरचे व्हिडिओ पाहिले होते आणि आता तो त्यातला तज्ज्ञ झाला होता. त्यानं खिशातून पांढरा रुमाल काढून हाताला गुंडाळला. नांदेडच्या दुकानदारानं तीन गोष्टी बघायला सांगितल्या होत्या. चक्री हलते का, घोडा ओढल्यावर टिकतो का, नळीत गंज आहे का. त्यानं तिन्ही बघितल्या. चक्री हिरडीतल्या सुटलेल्या दातासारखी हलत होती. नळीत टॉर्च मारला तर आत खड्डेच खड्डे. आणि बाहेरून, जिथं लोखंडावर चढवलेलं काळंभोर पाणी असायला हवं, तिथं सगळं रिव्हॉल्व्हर स्टीलच्या तांब्यासारखं पांढुरकं नि गुळगुळीत.

"ह्याला झालंय काय? वापरलं न्हाई म्हंता, आन् झिजलं तर इतकं!"

विनीताबाई पदरानं हात पुसत दारात उभ्या होत्या. त्या थोड्या लाजल्या. "ते आमच्यामुळं. दरवर्षी पूजेच्या आधी सासूबाई चिंचेनं नि राखेनं घासायच्या, देवाच्या उपकरण्यांबरोबर. पुढं मी घासायला लागले. वर पंचामृत, पाणी. कुणी सांगितलंच नाही की घासायचं नसतं म्हणून."

सुदर्शन हसला. आनंदराजच्या तोंडावरची रेषही हलली नाही. त्यानं हात पुढं केला. "इकडं आन."

रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात आलं, आणि मनिषानं जे पाहिलं ते ती पुढं कधी विसरू शकली नाही. आदर्श गेल्यापासून त्या चेहऱ्यावर काहीतरी आवळून बांधल्यासारखं होतं. ते सुटलं. खांदे खाली आले. दिवसभराची ड्युटी संपवून तिकिटाची पेटी डेपोत जमा केली की तो असा दिसायचा. त्यानं घोडा मागं ओढला, समोरच्या कोऱ्या भिंतीकडं नळी धरली आणि चाप दाबला. टक्. त्यानं पुन्हा ओढला. टक्. पुन्हा. चौथ्यांदा.

चार वेळा. मग थांबला.

खोलीत बाकी कुणाला त्या चाराचं काही वाटलं नसेल. मनिषानं मात्र ते मोजले होते.

"गोळ्या?" आनंदराजनं विचारलं.

वकिलांनी एक पितळी डबी पुढं सरकवली. "सहा आहेत." डबी उघडून सुदर्शननं मोजल्या, मान डोलावली. जाड, बुटक्या, हिरवट पडलेल्या गोळ्या.

"दादा, माल जुना हाय पर लोखंड अस्सल हाय," सुदर्शन म्हणाला. "चक्री कारागिराकडून बसवून घिऊ. मुदत सरायला आली, लायसन गेलं तर पुन्हा मिळणार न्हाई. मह्या मतानं घ्यावं."

"मला कुणी विचारणार आहे का?" लुंबिनी म्हणाली. इतका वेळ ती भिंतीला टेकून उभीच होती. "लायसन माझं नाव सांगून मागितलंत. धोका माझ्या जिवाला. मग मी सांगते, मला हे घरात नको."

"तुह्यासाठीच चाललंय, बाई," आनंदराज म्हणाला.

"माझ्यासाठी असेल तर नको म्हणतेय ना, बाबा! मी तोंडानं साक्ष देणार आहे. चौघांची नावं घेणार आहे, जजसमोर, त्यांच्या डोळ्यांत बघून. तेवढं मला करू द्या."

"लुंबे," सुदर्शन म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, "तोंडानं साक्ष देशील. पर तवर जित्ती ऱ्हायला पायजेस का न्हाई? मागच्या महिन्यात तुह्या रिक्षामागं दोनदा गाडी लागली. बापाला सांगितलं न्हाईस, मला सांगितलंस. म्या काय करू? झेडपीतला क्लार्क हाय मी. रिक्षामागं फाइल घिऊन पळू?"

आनंदराजनं लेकीकडं पाहिलं. ही गोष्ट त्याला नवी होती. मनिषालाही. लुंबिनी खाली बघायला लागली.

"काका, तुला सांगितलं होतं कुणाला बोलू नकोस म्हणून."

"वहिनी, तुम्ही बोला आता," सुदर्शन म्हणाला. "तुमच्या शब्दावर हाय."

मनिषाची इकडं आड तिकडं विहीर झाली. लेकीच्या मागं गाडी लागते हे आत्ता कळलं होतं, आणि नवऱ्यानं चार वेळा चाप ओढला होता तेही आत्ताच. पण एसटीत शब्द दिला होता. "मला न्हाई वाटत घ्यावं," ती म्हणाली. "इतकं झिजलेलं. पैसे पाण्यात जातील."

लुंबिनीनं सुस्कारा सोडला. आनंदराज चिडला नाही, तेच वाईट होतं. तो शांतपणे म्हणाला, "ठीक हाय. हे न्हाई तर नवं घिऊ. पेन्शनवर कर्ज काढीन. लायसन वाया जाऊ देणार न्हाई म्या. उद्याच दुकानात जाईन."

तेवढ्यात आतून नळाचा खर्रखर्र आवाज आला. "आलं पाणी!" म्हणत विनीताबाई धावल्या आणि जाता जाता वळून म्हणाल्या, "अहो, जरा येता का? पाइप धरायला कुणी नाही."

मनिषा उठली.

*

मोरीत एक पाइप ड्रममध्ये सोडून दुसऱ्याची तोटी धरून दोघी उभ्या राहिल्या. पाण्याचा आवाज मोठा होता. बाहेरचं आत ऐकू येत नव्हतं आणि आतलं बाहेर जाणार नव्हतं. विनीताबाई तेवढीच वाट बघत असाव्यात.

"घेऊ नका हो ते," त्या एकदम म्हणाल्या.

मनिषानं वर पाहिलं.

"ह्यांना सांगवत नाही. वडिलांची वस्तू, भंगार कसं म्हणायचं? पण तुमची मुलगी बोलली आणि मला राहवेना. ते वाजत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा एकदा गच्चीवर वानरं आली होती, तेव्हा ह्यांनी हौसेनं दोन गोळ्या घातल्या. नुसतं टक् टक् झालं. वानरंसुद्धा हलली नाहीत. त्या सहा गोळ्या तशाच मेलेल्या आहेत. आणि नव्या कुठंही नाहीत. ह्यांनी हैदराबादला विचारलं, मुंबईला विचारलं. त्या मापाची गोळी आता कुणी बनवतच नाही. म्हणजे कारागिरानं चक्री बसवली तरी उपयोग काय? तुम्ही त्याच्या भरवशावर राहाल आणि पोरीवर वेळ आली तर... मला झोप लागायची नाही."

ड्रम अर्धा भरला. मनिषा पाण्याकडं बघत राहिली.

"ताई," तिनं विचारलं, "हे घेतलं तर लायसनवर हेच चढतंय न्हवं?"

"हो. नंबर लिहितात त्याचा."

"मंग दुसरं घेता येतंय का?"

"एकाच हत्याराचं लायसन असेल तर नाही. दुसऱ्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा चौकशी. वर्षं जातात. म्हणून तर म्हणते, ही जागा या खेळण्यानं अडवू नका. उशीर झाला तरी चालेल, नवं, चालणारं घ्या."

बाई मनापासून सांगत होत्या. शब्दाशब्दांत कळकळ होती. आणि त्या प्रत्येक शब्दानं मनिषाचं मन उलट बाजूला सरकत होतं. उद्या तो दुकानात जाईल. चालणारं घेईल. सहा गोळ्या भरील, चार वापरील. मग बेड्या, मग जन्मठेप नाहीतर फास, आणि कोर्टात लुंबिनी उभी राहून चौघा मेलेल्यांविरुद्ध साक्ष देईल, की बापाविरुद्ध? तीन वर्षं जी पोर एका खटल्यासाठी जगली, तो खटलाच तिचा बाप मारून टाकील.

आणि हे मेलेलं घेतलं तर? तर लेकीच्या मागं लागलेल्या गाडीपुढं घरात एक धुऊनपुसून चकचकीत केलेला लोखंडाचा तुकडा असेल. बस्स.

ड्रम भरून पाणी जमिनीवर सांडायला लागलं. विनीताबाईंनी घाईनं पाइप बादलीत टाकला.

"ताई, एक ऐका मपलं," मनिषा म्हणाली. "हे तुम्ही मला सांगितलं, ते भाईर कुनाला सांगू नका. हात जोडते तुम्हाला."

"अहो, काय बोलताय? तुमच्या मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे!"

"लेक जाऊ शकते, म्हाईत हाय मला. आई हाय मी तिची." तिनं बादलीतला पाइप सरळ केला. "पर हे चालणारं घेतलं तर नवरा जाणारच हाय. तुम्ही बघितलं का, कितीदा ओढलं त्यांनी? चारदा. मारणारे चार हायेत."

विनीताबाई ओल्या हातानं नळाची तोटी धरून तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी फक्त मान हलवली.

*

"घ्या," मनिषा बाहेर येऊन म्हणाली. "मी विचार केला. हेच घ्या."

सुदर्शननं मांडीवर थाप मारली. आनंदराजनं तिच्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं, पण काही विचारलं नाही. रेणुकादास वकिलांनी आत दाराकडं नजर टाकली. तिथं त्यांची बायको उभी होती आणि काहीच बोलत नव्हती. वकिलांनी घसा खाकरला. काहीतरी सांगावंसं त्यांना वाटलं असावं. पण सत्तर वर्षं पुजलेली वस्तू कुणीतरी अजून मोलाची समजतंय, हे सुख त्यांनाही सोडवलं नाही. "कागदपत्रं मी करून देतो," एवढंच ते म्हणाले.

लुंबिनीनं कुणाकडंच पाहिलं नाही. ती चपला घालून जिना उतरून गेली.

निघताना विनीताबाई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आल्या, मनिषाच्या कोऱ्या कपाळाकडं बघून मधेच थांबल्या आणि करंडा खाली ठेवला. मग त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. दोघींचे हात अजून ओलेच होते.

परतीच्या एसटीत लुंबिनी तिसऱ्या सीटवर जाऊन बसली, अनोळखी बाईशेजारी. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा मनिषानं भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि पुडी पुढं केली. लुंबिनी म्हणाली, "सकाळी माझ्या खांद्याला खांदा लावून काय म्हणाली होतीस?" मनिषाजवळ उत्तर होतं. पण ते उत्तर देणं म्हणजे लेकीला बापाच्या मनातला खून दाखवणं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तिनं पुडी परत पिशवीत ठेवली.

*

कागदं झाली, ठाण्यात नोंद झाली, आणि लुंबिनीच्या साक्षीच्या आदल्या दिवशी, सोमवारी, सुदर्शन रिव्हॉल्व्हर नांदेडला पोचवून गेला. आनंदराजनं ते पुसलं, डबीसकट स्टीलच्या कपाटात ठेवलं, किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. त्या दिवशी तो पोटभर जेवला. मनिषानं वाढलेली दुसरी भाकरीही नको म्हणाला नाही.

मधल्या दिवसांत मनिषा स्वतःची समजूत घालत आली होती. मी खोटं कुठं बोलले? गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे खोटं नव्हे. संध्याकाळी खोटं न बोलण्याचं चौथं शील ती म्हणत होती, जरा घाईनं, पण म्हणत होती.

त्या सोमवारी दिवे लागताना, लुंबिनी मेणबत्ती शोधत होती तेव्हा, आनंदराज तिच्याजवळ येऊन बसला.

"त्या दिवशी वकिलीणबाई आत नेऊन काय म्हणल्या तुला?"

"काय म्हनायच्या? पाण्याचं बोलत होत्या."

"गोळ्यांचं काही? सहाच हायेत. दोन-चार खराब निघाल्या तर नव्या मिळत असतील न्हवं?"

त्यानं इतक्या साधेपणानं विचारलं, जसं काही बाजारात अंबाडी मिळते का असं विचारावं. मनिषानं त्याच्याकडं न बघता पदर सारखा केला.

"हाव," ती म्हणाली. "मिळतेत म्हणल्या."

"मंग बरं हाय."

लुंबिनीनं मेणबत्ती लावली. तिघं हात जोडून बसले. बुद्धाशेजारी बाबासाहेब, आणि त्यांच्या खालच्या फळीवर आदर्शचा कॉलेजच्या ओळखपत्रातून मोठा केलेला फोटो. लुंबिनीनं आईशी धड बोलणं टाकलं होतं, पण वंदना तिनं टाकली नव्हती. तिनं त्रिशरण सांगितलं. मग पहिलं शील सांगितलं. मनिषा म्हणाली. तिच्या डाव्या बाजूला शांतता होती, रोजची.

दुसरं झालं. तिसरं झालं.

"मुसावादा वेरमणी," लुंबिनी म्हणाली. खोटं बोलणार नाही.

मनिषानं तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला. शब्द जिभेवर होते, लहानपणापासूनचे, आईनं, सरजाबाईनं, मांडीवर घेऊन शिकवलेले. पण आत्ताच बोललेलं 'मिळतेत' त्यांच्या वाटेत बसलं होतं. ते काही केल्या सरकेना.

आनंदराजचा एकट्याचा खणखणीत आवाज खोलीत फिरला, "मुसावादा वेरमणी सिक्खापदं..." आणि मधेच तुटला. शेजारी मिटलेल्या ओठांचा अर्थ त्या घरात त्याच्याइतका कुणाला कळत होता? त्यानं वळून बायकोकडं पाहिलं. मग कपाटाकडं. मग परत तिच्याकडं.

"मनिषा," तो हळू म्हणाला. "गोळी मिळत न्हाई."

तिनं मान हलवली. "न्हाई. आन् त्या सहा बी मेलेल्या हायेत."

"लातूरलाच म्हाईत होतं तुला?"

"हाव."

"आन् महं? महं बी म्हाईत होतं?"

"श्रावणापासून," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. उठून जाईल, कपाटावर लाथ मारील असंही वाटलं होतं. त्यातलं काहीच झालं नाही. त्याचे जोडलेले हात मांडीत पडले. लातूरला सुटलेला तो चेहरा पुन्हा आवळला गेला, पहिल्यापेक्षा घट्ट. तो आदर्शच्या फोटोकडं बघून लहान मुलासारखं म्हणाला, "मंग आता मी काय करू? मनिषा, सांग की. मी काय करू?"

लुंबिनी एकदा बापाकडं, एकदा आईकडं बघत होती. तिला सगळं कळलं होतं की अर्धंच, कोण जाणे. उद्या याच आवाजात तिला चार नावं घ्यायची होती.

तिनं डोळे मिटले आणि पाचवं शील सांगितलं. मागून कुणीच म्हणालं नाही.